कोपऱ्यातली सही

आमच्या दारावर नावाची पाटी नव्हती आणि अकरा वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त मुख्याध्यापक राहायला आले आणि त्यांनी सामानाच्या आधी पाटी लावली. पितळी. वर नाव, त्याखाली दोन पदव्या, त्याखाली 'निवृत्त मुख्याध्यापक', आणि तरीही जागा उरली म्हणून 'भेटण्याची वेळ : सायंकाळी ५ ते ६'. त्या वेळेत त्यांना भेटायला कुणी येत नसे, हा भाग निराळा. पण आमच्याकडे येणारी माणसं ती पाटी सावकाश वाचत आणि मग आमच्या कोऱ्या दाराकडे वळून, इथे कुणी राहतं की नाही, अशा शंकेने कडी वाजवत.

"आपणही एक पाटी करून घेऊ," मी बायकोला म्हणालो.

"आणि तिच्यावर लिहिणार काय?" हिने विचारलं. प्रश्न साधा होता. विचारण्याची तऱ्हा साधी नव्हती.

मी एका कचेरीत आवक-जावक विभागात कारकून आहे. दिवसाला शे-दीडशे कागद माझ्या हातून जातात, त्यामुळे लिहिण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. मी एका चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, त्याखाली 'बी. ए.' लिहिलं, आणि त्याखाली पेंटरसाठी सूचना लिहिली : 'वरची ओळ जरा मोठी. घाई नाही.' मग ती चिठ्ठी बाजाररस्त्याच्या वळणावरच्या पेंटरना नेऊन दिली. गावातली निम्मी अक्षरं त्यांच्याच हातची. दवाखाने, दुकानं, शाळा, पाण्याची टाकी, सगळीकडे तेच. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला कमी. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, थोडी लांब धरली, मान हलवली आणि म्हणाले, "गुरुवारी लावून देतो, साहेब."

गुरुवारी मी कचेरीतून परतलो तर जिन्यात माणसं उभी. मला बघून सगळे बाजूला झाले, पण गेलं कुणी नाही. पाटी लागली होती. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, प्रत्येकाला बारीक पिवळी सावली. इतकं देखणं माझं नाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याखाली 'बी. ए.'. आणि त्याखाली, तितक्याच प्रेमाने काढलेलं, 'वरची ओळ जरा मोठी. घाई नाही.'

"ब्रीदवाक्य छान निवडलंत," गुरुजी म्हणाले. मुख्याध्यापकांना सगळे गुरुजीच म्हणत. "फक्त पूर्वार्धाचा अर्थ नीट लागत नाही."

"उत्तरार्धाचा मात्र लागतो," खालच्या मजल्यावरचे म्हणाले. "माझा अर्ज यांच्या कचेरीत फेब्रुवारीपासून पडलाय."

हसण्याचा आवाज गच्चीपर्यंत गेला असावा. बायको दारात उभी राहून पदराने तोंड पुसत होती. ती तोंड पुसत नव्हती, हे लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी काखोटीला मारून दुकानात गेलो. वाटेत पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं. पेंटर अपराध्यासारखे ऐकत राहिले. "चष्मा फुटलाय साहेब," ते म्हणाले. "पुन्हा लिहून द्या, आजच करतो." मी खिशातून नव्याने लिहिलेली चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती लांब धरली, खालपर्यंत नजर फिरवली, मान हलवली. "समजलं. निळ्यावर पांढरंच ठेवू?"

त्याच वेळी माझ्या दुसऱ्या खिशात हात गेला आणि खरी चिठ्ठी हाताला लागली. त्यांच्या हातात होती ती हिची यादी : कपड्याचा साबण, काडेपेट्या, दोन नंबरच्या सुया, केरसुणी.

माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं. पेंटरनी माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला. उठून दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली.

"कुणाला सांगू नका, साहेब," ते म्हणाले.

एकतीस वर्षं हा माणूस गावभर अक्षरं काढत होता आणि त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. वडील पेंटर, म्हणून लहानपणीच हातात ब्रश आला, शाळा राहिली. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की घरी न्यायची, बायको वाचून सांगायची कुठलं बोर्डावर काढायचं, कुठलं नुसतं सांगण्यासाठी लिहिलेलं. मग हे बघून बघून काढायचे, आणि बोर्ड बाहेर जायच्या आधी बायको एकदा नजर टाकायची. एकतीस वर्षांत चूक नाही. पण गेल्या महिन्यात मुलीचं बाळंतपण निघालं, वहिनी तिच्या गावी गेल्या, आणि वहिनींच्या नजरेखालून न गेलेला पहिला बोर्ड माझ्या दारावर लागला.

तिथल्या तिथे माझा राग उतरला आणि त्या जागी काहीतरी भलतंच चढलं. "मी तुम्हाला शिकवतो," मी म्हणालो. वास्तविक मी पाटी दुरुस्त करून घेऊन गप घरी जायला हवं होतं.

आधी वाटलं, रीतसर करावं. गावात प्रौढांच्या वर्गाची कचेरी होती. तिथल्या नियमाप्रमाणे वर्गात नाव घालण्यासाठी आपण निरक्षर असल्याचा दाखला लागे, आणि दाखल्यासाठी अर्ज, तोही अर्जदाराने स्वतः केलेला. निरक्षर माणसाने अर्ज स्वतः कसा करावा, असं मी विचारलं. तिथला अधिकारी म्हणाला, "भिंतीवर नमुना लावलाय. बघून करा." पेंटरनी बघून केला. आधी पेन्सिलने दोन रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये असा अर्ज काढला की शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले.

अधिकाऱ्याने अर्ज हातात घेतला, पेंटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे निरक्षर?"

"हो."

"माझं अक्षर बघा." त्याने फाइल उघडून दाखवली. खरोखरच वाईट होतं. "मी पदवीधर आहे. आणि या अक्षराच्या माणसाला मी निरक्षर म्हणून सही करून देऊ? उद्या चौकशी लागली तर?"

मी नियम सांगितले, त्याने पोटनियम सांगितले. शेवटी तो पेंटरना बाजूला घेऊन म्हणाला, "ते जाऊ द्या. आमच्या कचेरीच्या दाराला एक चांगला बोर्ड हवाय. 'निरक्षरांनी प्रथम खिडकी क्रमांक दोनवरील सूचना वाचावी.' कधी द्याल?"

म्हणून मग शिकवणी आमच्या घरी सुरू झाली, रोज सकाळी साडेसात ते साडेआठ. मी दाढी करता करता शिकवत असे. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी समोरच्या दारातून ऐकलं आणि चौथ्या दिवशी ते खुर्ची आणि फळा घेऊनच आले. "तुमची पद्धत सपशेल चुकीची आहे," ते म्हणाले. त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि भेटण्याची वेळ रोज रिकामी जात होती. एकेक अक्षर दहा वेळा गिरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा त्यांचा दंडक. पेंटरनी पहिल्याच दिवशी अ गिरवला. गुरुजींनी तो पाहिला, फळ्यावरचा स्वतःचा अ पाहिला आणि रुमालाने पुसून टाकला.

अडचण अशी होती की पेंटरना अक्षरं आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. कुठल्या अक्षराचं पोट किती सुटतं, कुणाला शेजारी मोकळी जागा लागते, कुणाची शेपटी खालच्या ओळीत घुसते, सगळं. प्रत्येकाला त्यांनी नावही ठेवलेलं. ह म्हणजे कंबर धरलेला म्हातारा. ज्ञ म्हणजे भांडण. ळ म्हणजे चष्मा. फक्त त्यातलं कोण काय बोलतं, ते माहीत नव्हतं.

"हा चष्मा म्हणजे ळ," मी सांगितलं. "बाळातला. शाळेतला. जवळ, केळं, सकाळ, सगळ्यांतला."

"सगळीकडे हाच?"

"हाच."

पेंटर बराच वेळ त्या ळकडे बघत राहिले. "हजारो वेळा काढला असेल मी याला," ते म्हणाले. "कधी बोलला नाही माझ्याशी."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती. थोड्या वेळाने हिने पेंटरपुढे चहा ठेवला, आणि मला कधी नव्हे ते न मागता गरम पाणी आणून दिलं.

दीड महिन्यात ते जोडाक्षरांवर आले आणि त्याच दीड महिन्यात त्यांचा धंदा बसायला लागला. पूर्वी ते बोर्ड पान समोर ठेवून चित्र काढावं तसे काढायचे. आता शब्द मध्येच बोलायला लागत आणि हात थांबे. वाचता येऊ लागल्यावर माणसाला मतंही येतात, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. चपलांच्या दुकानदाराने 'टिकाऊ' लिहून मागितलं तर हे म्हणाले, "लिहितो, पण माझ्या दोन महिन्यांत फाटल्या." दुकानदार तडक माझ्या कचेरीत आला. "चांगला माणूस बिघडवलात तुम्ही," तो साहेबांसमोर मला म्हणाला. त्यात गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं. पेंटर खिशात छोटी डबी घेऊन फिरू लागले आणि दिसेल तिथली वेलांटी सुधारू लागले. सार्वजनिक नळावरच्या 'पाणि'चं 'पाणी' करताना रखवालदाराने त्यांना धरलं. सरकारी पाटी विद्रूप करण्याबद्दल, शिकवणारा म्हणून, मला तीन पानी खुलासा द्यावा लागला. गुरुजींनी तो तपासला आणि त्यात सात चुका काढल्या.

अशातच वहिनी परतल्या.

मला वाटलं होतं, त्या आनंदाने रडतील. मी तर त्या प्रसंगाला साजेसे दोन शब्दही तयार ठेवले होते. पेंटरनी त्यांच्यासमोर वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवला, अडखळत पण बरोबर. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पेंटरची गिरवायची पाटी सापडेना. तिसऱ्या दिवशी पुस्तक सापडेना. चौथ्या दिवशी वहिनी स्वतः आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, या वयात कशाला डोळ्यांना ताण? मी आहे ना वाचायला."

मला वाटलं, यांना मत्सर वाटतोय. मी त्यांना ज्ञानाच्या प्रकाशाबद्दल पाच मिनिटं सांगितलं. त्या खाली बघत ऐकत होत्या. "हो, पण उजेडात सगळंच दिसतं," एवढंच म्हणून गेल्या. मला तो बाईमाणसाचा अडाणीपणा वाटला. माझी ही मात्र म्हणाली, "काहीतरी आहे. तुम्ही जरा थांबा." मी थांबलो नाही. शिकवणारा माणूस कधी थांबतो?

एका रविवारी सकाळी पेंटर आले आणि म्हणाले, "मास्तर, आज चला माझ्याबरोबर. माझे बोर्ड वाचायचेत." हल्ली ते मला मास्तर म्हणत. ते ऐकताना मला जे वाटे ते मी लपवत असे, पण फार नाही.

आम्ही बाजाररस्त्याच्या टोकापासून निघालो. ते प्रत्येक बोर्डापुढे उभे राहत, ओठ हलवत, आणि वाचून झाला की माझ्याकडे बघून हसत. दाताच्या दवाखान्यापुढे हसले नाहीत. "'दात न दुखता काढून मिळतील.' हे मी काढलं? माझी दाढ इथेच काढली. रस्त्यापलीकडे ऐकू गेलं होतं." शिवणाच्या दुकानाचा बोर्ड त्यांनी दोनदा वाचला, कारण तो त्यांना पहिल्या फटक्यात आला होता.

पुढे एका बंद गाळ्यावर जुना बोर्ड होता. गुलाबी अक्षरं, चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यांत पाखरं. पेंटर वाचू लागले. "'गाडी... भाड्याने... मिळेल.' हां, हे हिने सांगितलं होतं. गाडीचा बोर्ड आहे, मन लावून काढा." मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. वर लिहिलं होतं, 'प्रेत वाहून नेण्यासाठी'.

"पाखरं काढली मी यावर," ते हळूच म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "वडील आजारी होते तेव्हा. शेवटचं दुखणं. म्हणून नसेल सांगितलं तिने."

आम्ही पुढे निघालो. वाचनालयाच्या बोर्डापाशी ते पुन्हा रंगात आले. सगळा बोर्ड न थांबता वाचला, वेळ, सुटीचा वार, 'शांतता राखावी' सकट. मग वाकून खालच्या उजव्या कोपऱ्यात गेले. तिथे त्यांची सही होती, बारीक, वळणदार, खाली एक लाट. गावातल्या प्रत्येक बोर्डावर असते ती.

"आता माझं नाव वाचतो," ते म्हणाले. "मुद्दाम शेवटी ठेवलं होतं."

पहिलं अक्षर वाचलं. थांबले. दुसरं वाचलं. पुन्हा पहिल्यावर आले. मग सरळ उभे राहिले.

"मास्तर, हे माझं नाव नाही."

"नाही," मी म्हणालो. "वहिनींचं आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे." आणि ते खरंच होतं. पेंटर बायकोच्या नावाने सही करतात हे गावात कौतुकाने सांगितलं जाई. माझी ही तर भांडणात हटकून काढी : बघा, एक ते पेंटर, आणि एक तुम्ही. "आम्हाला वाटलं, तुम्ही हौसेने..."

"मला माझं नाव वाटत होतं," पेंटर म्हणाले आणि वाचनालयाच्या पायरीवर बसले.

सोमवारी ते शिकवणीला आले नाहीत. दुकानाची फळीही लागलेली. मी कचेरीत अर्धी रजा टाकून त्यांच्या घरी गेलो तर वहिनी पिशवी भरत होत्या.

"मुलीकडे चाललेय," त्या म्हणाल्या. "बाळाला सर्दी झालीय."

"वहिनी," मी म्हणालो, "ते नाव..."

त्या खाली बसल्या. हातातलं लुगडं घडी घालायचं, उलगडायचं, पुन्हा घालायचं, असं चाललं होतं. "लग्न ठरवताना सांगितलं होतं, मुलगा अक्षरांचं काम करतो. मी चौथी पास. वाटलं, आपल्याहून शिकलेला मिळाला. पहिल्याच आठवड्यात हे चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, वाच. फसवलं म्हणून इतका राग आला, भाऊजी! त्याच दिवशी म्हणाले, माझं नाव काढून दे, बोर्डाच्या कोपऱ्यात टाकत जाईन. मी माझंच काढून दिलं. म्हटलं, घ्या! दोन दिवसांनी राग गेल्यावर सांगणार होते."

"मग?"

"तेवढ्यात त्यांनी ते पाण्याच्या टाकीवर काढलं. टाकीवर! चार कोसांवरून दिसेल एवढं. आणि संध्याकाळी मला हात धरून दाखवायला नेलं. म्हणाले, बघ, माझं नाव गावाच्या डोक्यावर लागलं." त्यांनी लुगडं पिशवीत कोंबलं. "कसं सांगू तुम्हीच सांगा. मग एक वर्ष गेलं, दहा गेली. कुणी सहीचं कौतुक केलं की मी आत निघून जायची. माणूस चांगला निघाला हो. वाईट असता तर कधीच सांगितलं असतं."

"आता काय म्हणाले ते?"

"काहीच नाही. भांडले असते तर मी राहिले असते."

त्या गेल्या. मी घरी आलो तर हिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. गुरुजी म्हणाले, "काही झालं तरी विद्यादान फुकट जात नाही." पहिल्यांदाच मला त्यांच्या पितळी पाटीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. एका संसाराची एकतीस वर्षांची घडी, आणि मी ती दाढीच्या फेसातून बाराखडी सांगत विसकटून ठेवली.

चौथ्या दिवशी मी दुकानाची फळी वाजवली. आत पेंटर एका जुन्या पत्र्यासमोर बसले होते. पत्र्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, वीस-पंचवीस वेळा. एकही जमलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातचं पहिल्यांदाच वाकडं अक्षर पाहत होतो.

"हात वळत नाही," ते म्हणाले. "तिचं न बघता येतं. माझं बघूनही येत नाही." मग ब्रश पुसत म्हणाले, "राग नावाचा नाही, मास्तर. लोक म्हणायचे, 'वा पेंटर, सही काय आहे!' मला वाटायचं अक्षराबद्दल म्हणतात. सगळे वाचत होते आणि मी एकटा नुसता बघत होतो. त्याचा राग आला. आता तिच्यावर काढू की तुमच्यावर, ते ठरत नव्हतं."

"माझ्यावर काढा," मी म्हणालो. हे मी मनापासून म्हणालो.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तिला पत्र लिहायचंय," ते म्हणाले.

पत्र म्हटल्यावर मी तिथल्या तिथे मसुदा तयार केला. 'विषय : परत येण्याबाबत. संदर्भ : आपले सोमवारचे निघून जाणे. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून...' पेंटरनी तो शेवटपर्यंत वाचला, स्वतः, आणि मला परत दिला. "हे तुमच्याकडचं झालं," ते म्हणाले. मग चित्रकलेचे मोठे कागद काढले. त्यांना लिहिता येत होतं ते बोर्डाचं अक्षर, दोन बोटं उंच, सावलीसकट. आणि त्यांना भाषा येत होती तीही बोर्डाचीच, कारण आयुष्यभर तीच तर त्यांच्या हाताखालून गेली होती. एका कागदावर एक ओळ. संध्याकाळपर्यंत सहा कागद झाले. वाळायला दोरीवर लावले तेव्हा मी ते ओळीने वाचले :

सूचना : दुकान चालू आहे.
मालक घरी एकटे आहेत.
राग होता. संपला.
सही जुनीच राहील.
आमची कोठेही शाखा नाही.
परवानगीशिवाय आत यावे.

आणि शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात, न बघता, लाटेसकट, नेहमीची सही.

मला नाक शिंकरावं लागलं. रंगाच्या वासाने होतं कधी कधी.

एवढे कागद पाकिटात मावेनात, म्हणून गुंडाळी करून वर कापड शिवलं. पत्ताही पेंटरनीच घातला, दोन्ही बाजूंचा. टपाल कचेरीत खिडकीवरच्या माणसाने गुंडाळी उलटसुलट केली.

"घेणारीचं नाव आणि पाठवणारीचं नाव एकच आहे. बाई स्वतःलाच पाठवताहेत का?"

"पाठवणारे हे आहेत," मी पेंटरना पुढे केलं.

"मग नाव बाईंचं का?"

"ती त्यांची सही आहे."

"कुणाची, बाईंची?"

"बाई त्यांच्या बायको. सही यांची. नाव बायकोचं."

मागे रांग होती. रांगेला हे सगळं फार आवडलं होतं. "ओळख लागेल," खिडकीवरचा म्हणाला. "ही सही यांचीच आहे हे सिद्ध करणारा सरकारी कागद आणा." मी कचेऱ्यांची नावं मनात मोजू लागलो. पेंटर मात्र शांतपणे म्हणाले, "जरा बाहेर येऊन तुमच्या कचेरीचा बोर्ड बघता? खाली उजव्या कोपऱ्यात."

माणूस उठला, बाहेर गेला. आम्ही सगळे खिडकीतून त्याची पाठ बघत होतो. तो वाकला, थोडा वेळ वाकूनच राहिला. मग आत आला, बसला, आणि शिक्का मारला.

त्यानंतर अकरा दिवस गेले. पेंटर रोज सकाळी साडेसातला येत, धडा वाचत, मध्येच दाराकडे बघत. मीही बघत असे. हीसुद्धा बघत असे. गुरुजींनी विचारलं, "टपाल आलं का?" तेव्हा तिघेही एकदम "नाही" म्हणालो.

बाराव्या दिवशी मी कचेरीत जाताना दुकानापाशी थांबलो होतो, तेव्हा पोस्टमन आला. साधं निळं पाकीट. वर पेंटरचं नाव, चौथीतल्या मुलीसारख्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात. त्यांच्या नावाने आलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र. त्यांनी हात पँटला पुसले, पाकीट कडेने फाडलं आणि स्टुलावर बसून वाचायला लागले. बोट ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते. एका जागी ते थांबले, मागे गेले, तेवढंच पुन्हा वाचलं. एका जागी हसले. मग कान लाल झाले. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे!

पान उलटलं. मागेही होतं. कचेरीला उशीर होत होता, पण मी हललो नाही. वाचून झाल्यावर मी सवयीने हात पुढे केला. कागद दिसला की हात पुढे करायचा, ही माझी नोकरीच आहे. शिवाय कुठे अडलं असेल तर समजावून द्यावं.

पेंटरनी माझ्या हाताकडे पाहिलं. पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

"काय म्हणतात वहिनी?" मी विचारलं.

"पत्र मला आलंय, मास्तर," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात, पण म्हणाले. मग मी फार तोंड पाडलं असावं म्हणून पुढे म्हणाले, "तुम्हाला नमस्कार सांगितलाय. शुक्रवारी येतेय." आणि शिडी खांद्यावर टाकून कामाला निघून गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर ही दारातच उभी. "आलं म्हणे पत्र. काय लिहिलंय?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं."

"मग?"

"दाखवलं नाही."

मला वाटलं, आता ही हसेल. पण तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि पंधरा वर्षांत ज्या आवाजात माझ्याशी फारसं बोलली नव्हती त्या आवाजात म्हणाली,

"म्हणजे नीट शिकवलंत."